गोकर्णाकाकूचं पाच पायल्या सोयाबीन

"ओ भाऊ! डोये कुठी ठेवले बे? सोयाबीन दिसत नाही काय?"

गोकर्णाकाकूचा हा आवाज मेहकरच्या बसस्टँडवर ऐकू गेला, असं मी म्हणणार नाही. मेहकर आमच्या फाट्यापासून बरंच लांब आहे आणि मला अतिशयोक्तीचा तिटकारा आहे. पण सुलतानपूरकडच्या वळणावरच्या बाभळीवरून बगळे उडाले, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.

'भाऊ' म्हणजे एक ट्रेलर होता. चाकं बावीस. पाठीवर पवनचक्कीचं एकच पातं टाकलेलं, आणि ते इतकं लांब की ट्रेलरचं तोंड आमच्या गावात आलं तेव्हा शेपूट शेजारच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत होतं. असला ऐवज काकूनं नुसता ओरडून थांबवला. त्याच्या पुढच्या चाकाशी, सिमेंटच्या रस्त्यावर, सोयाबीन पसरलेलं होतं. फार नाही, एखाद्या सतरंजीएवढं.

ड्रायव्हर खाली उतरला. हरियाणाकडचा असावा. मिशीच्या दोन्ही टोकांवर एकेक लिंबू ठेवलं असतं तरी पडलं नसतं. काकू त्याच्या कमरेला लागत होती. तिच्या हातात खराटा. आता काहीतरी होणार म्हणून मी दुकानातून उठून चांगली जागा धरली. त्या गड्यानं सोयाबीन पाहिलं, आपलं चाक पाहिलं. चाकाखाली आलेले चार दाणे वाकून उचलले, कपाळाला लावले, परत सोयाबीनमध्ये ठेवले आणि "माफ करना माताजी" म्हणून वर चढला. मग ते पातं त्यानं सोयाबीनच्या कडेकडेनं असं नेलं, जसं निजलेल्या लेकराचा पाळणा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यावा.

या सगळ्याला दहा मिनिटं लागली. मागं एक एसटी, दोन पिकअप, एक पाण्याचा टँकर आणि फुलांनी मढवलेली नवरदेवाची गाडी खोळंबून उभी. आणि त्या उभ्या गाड्यांपुढून, हात पाठीमागं बांधून, मान खाली घालून, एक म्हातारा रस्ता ओलांडून गेला. त्यानं ना डावीकडं पाहिलं ना उजवीकडं. पलीकडच्या निंबाखाली जाऊन बसला. तो तुळशीरामकाका, गोकर्णाकाकूचा नवरा.

काकूनं त्याच्याकडं मान वळवूनही पाहिलं नाही. ती विस्कटलेलं सोयाबीन खराट्यानं सारखं करत होती.

फाट्यावर माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, त्या मी भरून देतो. काम बसून करायचं आणि दुकानाचं तोंड रस्त्याकडं, त्यामुळे या रस्त्यावर जे जे झालं ते माझ्यासमोर झालं. जे माझ्यासमोर झालं नाही ते मी नंतर विचारून घेतलं. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आमच्या भागात रस्त्यावर धान्य वाळवणं काही नवं नाही. सोयाबीन निघालं, तूर निघाली, की रस्ता दिसला तिथं लोक पसरतात. पण ते चार दिवस. गोकर्णाकाकूचं सोयाबीन रस्त्यावर वाळत होतं त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. तेच सोयाबीन. पाच पायल्या. अडीच पायल्या इकडच्या बाजूच्या रस्त्यावर, अडीच पायल्या तिकडच्या, आणि मधल्या दुभाजकात जिथं माणसांना ओलांडायला जागा सोडली आहे तिथं पोतं अंथरून स्वतः काकू. वर काळी छत्री. सकाळी दहाला पसरायचं, बाराला भरायचं. एकदा श्रावणात, आभाळ दाटून आलेलं असताना, मी विचारलं की काकू, अशा हवेत हे वाळंल कसं?

"ओल हाये अजून," ती म्हणाली.

हे तिचं ठरलेलं उत्तर. भर एप्रिलात, उन्हानं माझ्या दुकानातल्या मोटारींचं वॉर्निश आपोआप सुटायला लागलं तेव्हाही तिनं एक दाणा दाताखाली धरला, थोडा विचार केला आणि ओल असल्याचं जाहीर केलं. तिचा डोळा चुकवून मी एक दाणा चावून पाहिला. माझी दाढ गेली. मेहकरच्या दातांच्या डॉक्टरनं मला विचारलं की तुम्ही गिट्टी कशाला खाल्ली. काकूच्या एका भाच्यानं मूठभर नमुना खामगावच्या तेलगिरणीत नेऊन दाखवला, तर तिथला माणूस म्हणाला, हे सोयाबीन तुम्ही बंदुकीच्या दुकानात न्या.

गावानं आपापली मतं करून घेतली होती. कुणी म्हणे बाई चिकट आहे, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम झाला. भावकीतल्या एका बाईनं तर हे करणीचं सोयाबीन म्हणून त्याला लांबून नमस्कार करणं सुरू केलं. काकूनं कुणाला काही सांगितलं नाही. खरं कारण फाट्यावर मला एकट्याला माहीत होतं, आणि तेही तिनं सांगितलं म्हणून नाही. मी रोज दहाला आणि बाराला मान वर करून पाहत होतो, एवढंच. दहाला काका पलीकडं जायचा, बाराला जेवायला अलीकडं यायचा. सोयाबीन त्या दोन वेळांच्या मधलं होतं. मी पाहतोय हे काकूनं पाहिलं आणि दुकानात येऊन मला सांगून गेली, की हे त्यायच्या कानावर गेलं तर मी उद्यापासून पोतं तुझ्या दुकानात अंथरीन. म्हणून मी गप्प राहिलो. मला गप्प राहायला लावणारी ती जिल्ह्यातली एकटीच बाई.

आता रस्त्याचं सांगतो. हा रस्ता आधी एवढाच होता की अलीकडच्या ओट्यावरचा माणूस पलीकडच्या माणसाला तंबाखू द्यायचा आणि कुणालाच उठावं लागत नसे. मग तो चार पदरी झाला, सिमेंटचा झाला, आणि गाव अलीकडं, वावरं पलीकडं अशी कायमची फाळणी झाली. नव्या रस्त्यावर गाड्या अशा येतात की दिसते तेव्हा ती पोचलेली असते. आमची एक कोंबडी मृगात पलीकडं गेली, ती दिवाळीला नातवंडं घेऊन परत आली. माझे मेव्हणे पाहुणे म्हणून आले, ते पलीकडं बसमधून उतरले आणि दोन तास हात करून, तिकडूनच ख्यालीखुशाली विचारून, उलट्या बसनं परत गेले. या गोष्टी हसण्यावारी नेता येतात. शेवंताबाईची सून वावरात डबा घेऊन निघाली होती, तिची गोष्ट नेता येत नाही. डबा रस्त्याखालच्या नालीत सापडला. भाकरी फडक्यात तशीच बांधलेली होती.

त्यानंतर गावानं अर्ज केला आणि 'पुढे गाव आहे, वाहने सावकाश चालवा' अशी पाटी लागली. आठव्या दिवशी एका पिकअपनं ती पाटीच उडवली. तेव्हापासून पुढे गाव आहे हे फक्त आम्हालाच माहीत.

आणि अशा रस्त्यावर तुळशीरामकाका. काका दोन्ही कानांनी ठार बहिरा. एकदा त्याच्या मागं लग्नाचा बँड वाजायला लागला तर त्यानं वळून फक्त एवढं विचारलं, की एवढे लोक कुणाच्या मयतीला चालले. अशा माणसाला हॉर्नचा काय उपयोग? बरं, डोळे चांगले आहेत, तर डोळ्यांनी पाहावं. तर तेही नाही. मी एकदा त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं की काकाजी, दोन्हीकडं पाहून जात जा. तो म्हणाला, "मी या रस्त्याच्या आधीचा हाये. त्यानं मले पाहून जावं."

हे तो गंमत म्हणून बोलत नाही. त्याचं वावर पलीकडं, त्याच्या बापाचं वावर पलीकडं. पन्नास वर्षं जिथून बैलजोडी नेली तिथून आता चोरासारखं इकडंतिकडं पाहत जायचं, हे त्याला पटत नाही. गावातल्या पोस्टमननं एकदा चांगल्या मनानं त्याचा हात धरून रस्ता ओलांडून दिला. काकानं हात सोडवून घेतला आणि दुसऱ्या दिवसापासून तो फाटा सोडून खालच्या पुलाच्या वळणावरून ओलांडायला लागला. त्या वळणावर कावळेसुद्धा दोनदा विचार करून उतरतात. महिनाभर काकूच्या घशाखाली घास उतरला नाही. मग पोस्टमनची बदली झाली आणि काका फाट्यावर परत आला. तेव्हा काकूला समजलं, की याला रस्ता ओलांडून द्यायचा, पण तो आपण ओलांडून देतोय हे याला कळू द्यायचं नाही.

त्यात या दोघांचं बोलणं बंद. कारण ऐकाल तर हसाल. काकूनं खामगावहून त्याच्यासाठी कानाचं मशीन आणलं होतं. त्यानं ते एक दिवस लावलं, दिवसभर गावाचं बोलणं ऐकलं, आणि संध्याकाळी काढून देवळीत ठेवलं. म्हणाला, लोक इतकं फालतू बोलतात हे मला माहीत नव्हतं. काकूनं शपथ घेतली की हे मशीन कानात घालत नाहीत तोवर मी यांच्याशी बोलणार नाही. आणि ती खरंच बोलायची थांबली. ती बोलत नाही हे काकाच्या आठ महिने लक्षातच आलं नाही. लक्षात आलं तेव्हा त्याला राग आला आणि त्यानंही बोलणं बंद केलं. तेव्हापासून त्या घरात भाजीत मीठ कमी असलं तर काका मिठाचा डबा आणून तिच्यासमोर ठेवतो. जास्त असलं तर पाण्याचा तांब्या.

सोयाबीनपर्यंत काकू एकदम पोचली नाही. आधी तिनं रस्त्यात उभं राहून हात दाखवून पाहिला. पहिल्याच दिवशी एसटी थांबली. कंडक्टरनं दार उघडून चला मावशी, लवकर, म्हटलं. एवढी मोठी गाडी आपल्यासाठी थांबवली आणि आता नाही म्हणायचं, हे काकूला बरं वाटेना. ती चढली, मेहकरला गेली, बालाजीचं दर्शन घेतलं आणि दुपारच्या गाडीनं परत आली. असं त्या आठवड्यात तिचं तीनदा दर्शन झालं. मग तिनं काठीला लाल लुगड्याची पट्टी बांधून दाखवली. गाडीवाल्यांनी तिला कुठल्यातरी पक्षाची समजून हात जोडले आणि वेग वाढवला.

मग हंगाम आला. लोकांनी रस्त्याच्या कडेला सोयाबीन पसरलं आणि काकू आपल्या ओट्यावर बसून दोन दिवस नुसती पाहत राहिली. तिसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात पाणी प्यायला आली आणि म्हणाली, "माणूस आडवा आला तं हॉर्न वाजवतेत. धान्य आडवं आलं तं ब्रेक मारतेत."

मी आजवर ऐकलेलं हे रस्त्याबद्दलचं सगळ्यात शहाणं वाक्य आहे. ट्रक हरियाणाचा असो की मद्रासचा, चालवणारा कुठल्यातरी शेतकऱ्याच्याच घरचा असतो. माणसाला धक्का लागला तर तो अपघात. त्याला वकील असतो, तारीख असते. धान्यावरून चाक गेलं तर ते पाप, आणि त्याला तारीख मिळत नाही. दुसऱ्या दिवशी दहाला काकूनं घरातलं पाच पायल्या सोयाबीन रस्त्यावर मांडलं. गाड्या हळू झाल्या. काका मान खाली घालून पलीकडं गेला. त्याला वाटलं, रस्त्याला अक्कल आली.

पुढं दाणे कडक झाले, पिवळ्याचे काळपट झाले, पण चालकांना ते काचेतून धान्यच दिसायचं.

आता दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही घरचं धान्य घेऊन रस्त्यावर निघाल. धान्याभोवती लोक दगड लावतात आणि धान्य भरून नेताना दगड तिथंच विसरतात. अंधारात त्यावर मोटारसायकली आपटतात. काकूनं कधी दगड लावला नाही, आणि दुसऱ्यांचे विसरलेले दगड ती स्वतः उचलून ज्याचे त्याच्या अंगणात नेऊन टाकत असे, सोबत शिव्या. पण नुसते दाणेही घसरतात. एक दिवस रोजचा दूधवाला काकूच्या सोयाबीनवरून घसरला. गुडघा फुटला, कॅन उपडी झाली, सगळा रस्ता पांढरा झाला. दूधवाला हसत होता. काकू हसली नाही. पाच दिवस ती त्याच्या घरी जाऊन गुडघ्याला हळद लावून आली. पहिल्या दिवसानंतर त्याला हळदीची गरज नव्हती, तरी त्यानं लावून घेतली. त्या पाच दिवसांत सोयाबीन पसरताना तिचा हात थांबत होता, हे मला दुकानातून दिसत होतं. आणि दहा वाजले की तो हात पुन्हा चालू होत होता.

त्याच्या पुढच्या आठवड्यात जीप आली. रस्त्याच्या देखभालीवरचा इंजिनिअर, नवाच आलेला, नाशिककडचा. बोलायला मऊ. फाट्यावर बातमी पसरली की साहेब काकूचं सोयाबीन उचलायला आला आहे. मी हातातलं कॉइल खाली ठेवलं. चहावाल्यानं गॅस बंद केला. काकूच्या तोंडाचा पट्टा आजवर कलेक्टर कचेरीपर्यंत कुणी सहन केलेला नव्हता, आणि हा पोरसवदा साहेब तिच्यापुढं हात जोडून उभा होता.

तो म्हणाला की आजी, यावरून दुचाकी घसरतात, माणूस मरू शकतो, मला हे ठेवता येणार नाही.

काकूनं त्याच्याकडं पाहिलं. मग दोन्हीकडचं सोयाबीन भरलं, पोत्याचं तोंड स्वतः बांधलं आणि त्याच्या माणसांच्या आधी उचलून जीपमध्ये ठेवलं. आम्ही सगळे हिरमुसलो. मी विचारलं, काकू, एक शब्दसुद्धा नाही? ती म्हणाली की तो बरोबर बोलला, बरोबर बोलणाऱ्याशी काय भांडू.

त्या रात्री मी चांगला झोपलो. सकाळी नऊपासून मात्र माझं कामात लक्ष लागेना. दहाला काका निघणार हे मला माहीत होतं, आणि काकूपाशी पसरायला काही नव्हतं. मी ठरवलं की आज आपण काहीतरी निमित्त काढून काकाला दुकानात बसवायचं. तो येताना दिसला. मी हात केला. त्यानं मला नमस्कार केला आणि पुढं गेला.

काकू आधीच रस्त्यात होती. दुभाजकात नव्हती, रस्त्यात. पलीकडच्या बाजूच्या सिमेंटवर मांडी घालून बसली होती आणि हातात सूप होतं. सूप रिकामं होतं. ती ते पाखडत होती. लांबून येणाऱ्याला वाटावं की बाई धान्य पाखडते आहे, समोर धान्य पसरलं आहे. अलीकडच्या बाजूला त्या वेळी काही आलं नाही, काका दुभाजकापर्यंत पोचला. पलीकडून खामगावकडचा कापसाच्या गाठींचा ट्रक येत होता. भरलेला.

पुढचं मी रंगवून सांगत नाही. ब्रेक लागल्याचा आवाज झाला आणि टायर जळाल्याचा वास दुकानापर्यंत आला. ट्रक थांबला. काकूच्या आणि त्याच्यामध्ये किती जागा उरली हे लोक वेगवेगळं सांगतात. मी पाहिलं नाही. माझे डोळे मिटलेले होते.

उघडले तेव्हा काका तिच्यासमोर उभा होता. तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं रस्त्यात मान वर केली होती. त्यानं ट्रक पाहिला. तिच्या हातातलं सूप घेतलं, आत पाहिलं, काहीच नव्हतं. ते तिला परत दिलं. दंडाला धरून तिला उठवलं, दुभाजकात आणून तिच्या अंथरलेल्या पोत्यावर बसवलं, आणि पलीकडं निंबाखाली जाऊन बसला.

ट्रकवाल्यानं पुढच्या नाक्यावर सांगितलं असावं, कारण तासाभरात जीप आली. इंजिनिअर माझ्या दुकानात बसला. मी त्याला पाण्याचा ग्लास दिला. त्याला कुणीतरी खरं कारण सांगणं भाग होतं. मी सांगितलं. काकूची धमकी काकाला सांगण्याबद्दल होती, इंजिनिअरबद्दल नव्हती.

तो ऐकून उठला. मग म्हणाला की इथं उभा करायला माणूस नेमायचा अधिकार मला नाही, पण हे जाकीट माझं स्वतःचं आहे. असं म्हणून त्यानं अंगातलं चमकत्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट काढलं आणि काकूला नेऊन दिलं. सोबत एक लाल झेंडी. दोन दिवसांनी त्याच्या माणसांनी फाट्याच्या दोन्ही अंगांना रस्त्यावर जाड पांढरे पट्टे मारले, इतके जाड की त्यावरून जाताना ट्रकमधल्या झोपलेल्या क्लीनरनं उठून बसावं. आणि लाल-पांढरे ड्रम ठेवून रस्ता अरुंद केला. गाड्या आता हळू होतात. सगळ्या नाही, पण होतात. सोयाबीनचं पोतंही त्यानं परत आणून दिलं. ते काकूच्या अंगणात वाळतं आहे.

जाकीट काकूला टाचांपर्यंत येतं. लुगड्यावरून ते घालून, झेंडी घेऊन ती दुभाजकात उभी राहिली की लांबून वाटतं, पेटलेली शेगडी कुणीतरी रस्त्यात ठेवली. आता वावरात जाणाऱ्या बायाही दहाची वाट पाहतात आणि काकासोबतच पलीकडं जातात. काकाला वाटत असावं, बायकोला म्हातारपणी सरकारी नोकरी लागली. त्याबद्दल तो गावात थोडा ताठ चालतो.

गेल्या महिन्यात मीही त्या झेंडीखालून पलीकडं गेलो. काकाच्या पुतण्याची मोटार भरून तयार होती, ती विहिरीवर पोचवायची होती. काकाचं वावर तो पुतण्याच बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, करतो. मोटार उतरवताना मी सहज म्हटलं, की काका रोज येऊन डोक्यावर बसत असतील, हे पेर, ते पेरू नको. पुतण्या माझ्याकडं पाहायला लागला. म्हणाला की काकाजींनी तीन वर्षांत बांधावर पाय ठेवला नाही. बटाईनं दिलं त्या दिवशी विहिरीला नमस्कार करून गेले ते गेलेच.

मग हा माणूस दहा ते बारा करतो काय?

मी परत येताना निंबाकडून आलो. काका बुंध्याला टेकून बसला होता. त्याची पाठ वावराकडं होती, तोंड रस्त्याकडं. मी त्याच्याजवळ बसलो आणि पाहिलं, तर तिथून पीक दिसतच नाही. समोर दिसतो तो दुभाजक, आणि त्यात नारिंगी जाकिटातली काकू.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, की काकाजी, वावरात काम नाही, मग रोज एवढा रस्ता ओलांडून येता कशाला?

बहिऱ्या माणसाला वाटतं आपण हळू बोलतोय. तो दोन वावरं ऐकतील एवढ्यानं बोलला.

"बुढी रस्त्यावर बसते. आधी सोयाबीन होतं, मंग रिकामं सूप घेऊन बसली, आता जाकीट. डोकं फिरलं हाये तिचं. काही झालं, तिनं हाक मारली, तं मले ऐकू येणार नाही. म्हून पाहत बसतो."

ट्रकच्या आवाजात हे काकूपर्यंत गेलं नसणार. मी उठलो. मला शब्द ठेवायची सवय नाही. तीन वर्षं जे ठेवलं तेच खूप होतं. शिवाय आता दोघांनी घरी बसावं आणि प्रश्नच मिटावा, असं माझं सरळ गणित होतं. तिनं बसायचं थांबवलं की यानं यायचं थांबवावं. मी रस्त्यात उतरलो, काकूनं झेंडी दाखवून एक टँकर थांबवला, आणि मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"काकू, त्यायचं तिकडं काहीच काम नाही. तीन वर्षांपासून वावरात गेले नाहीत ते. तुमच्याकडं पाहत बसतेत फक्त."

तिनं टँकरला जाऊ दिलं. झेंडी खाली केली.

"मालूम हाये," ती म्हणाली. "तू बाजूले सरक. मधात उभा राह्यला तं त्यायले दिसत नाही."